लढून न जिंकता येणारी नगरी

‘अयोध्या’ या शब्दाचा अर्थ ठाऊक आहे का? अ-योध्या, म्हणजे जिच्याशी युद्धच करता येत नाही अशी नगरी! रामाच्या अयोध्येचं हेच नाव सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या राजाने १३५१ साली आपल्या राजधानीला दिलं. तिकडच्या उच्चारात ते झालं अयुथया. तीन नद्यांच्या विळख्यातलं हे श्रीमंत शहर. पण नुसत्या नावाने शहर थोडंच राखलं जातं?

शेजारी होता ब्रह्मदेश. तिथला राजा बयिनौंग मोठा पराक्रमी. सयामच्या राजाकडे पांढरे हत्ती आहेत, हे त्याला कळलं. तिकडे पांढरा हत्ती म्हणजे राजाच्या पुण्याईची खूण, बरं का! बयिनौंगने दोन हत्ती मागितले. सयामच्या राजाने नाही म्हटलं आणि झालं! १५६३ साली ब्रह्मी फौज निघाली. पुढच्याच वर्षी सयामला दोनाऐवजी चार हत्ती द्यावे लागले. वर राजपुत्र ओलीस गेला तो वेगळाच.

अर्थात, हत्ती हे निमित्त. खरी ओढ होती बंदरांची, व्यापाराची आणि माणसांची. त्या काळी तिथे जमीन उदंड, पण कसणारे हात कमी. म्हणून जिंकणारा राजा शेतकरी, कारागीर, कलावंत यांना धरून आपल्या देशात नेत असे.

वर्गात ही गोष्ट सांगितली, की मुलं एकच विचारतात, “बाई, शेवटी जिंकलं कोण?” तुम्हीही विचाराल. मग ऐका.

एप्रिल १७६७. वर्षाहून जास्त वेढा सोसून अयुथया पडली. राजवाडे, देवळं, ग्रंथ, सारं जळालं. हजारो माणसं कैद झाली. म्हणजे ब्रह्मदेश जिंकला? पण तेव्हाच चीनची फौज त्याच्यावर चालून आली होती. सैन्य मागे फिरलं आणि ताक्सिन नावाच्या सरदाराने त्याच वर्षी अयुथया परत घेतली. मग सयाम जिंकला? शहराची तर राख झालेली. राजधानी पुन्हा तिथे आलीच नाही. आज त्या पडक्या देवळांत झाडाच्या मुळांनी वेढलेलं बुद्धाचं दगडी मस्तक तेवढं शांतपणे हसत असतं.

पण त्या कैद्यांमध्ये दरबारातले नर्तक आणि गायकही होते. घरदार गेलं, पण अंगातली कला कोण हिरावून घेणार? ब्रह्मदेशात त्यांनी रामायण नाचून दाखवलं. जिंकणारे त्यांच्यापुढे शिष्य होऊन बसले! त्या वळणाच्या गाण्यांना तिथे अजून ‘योदया’, म्हणजे अयुथयेची गाणी, असंच म्हणतात.

परीक्षेत ‘कोण जिंकलं?’ हा प्रश्न मी घालते. घालावाच लागतो. पण त्याच्याखाली बिनगुणांचा आणखी एक असतो : ‘या लढाईत घर कुणाला सोडावं लागलं?’ तुमच्या पुस्तकातली कुठलीही लढाई घ्या आणि आज आईबाबांबरोबर बसून याचं उत्तर शोधा पाहू!