सावरीची ऊब

ग्वाल्हेरच्या जानेवारीत पहाटे पारा ४-५ अंशांपर्यंत उतरतो. लाकूडवाला म्हणे सेमल, आजी म्हणे सावर. शेजारच्या चाची हसत, "आई, बबूल लीजिए!" आजीचा हिशेब पक्का होता: नीट वाळलेलं लाकूड कोणतंही असो, किलोमागे ऊब जवळपास सारखीच. तेवढ्याच आकाराच्या बाभळीपेक्षा सावर वजनाला जेमतेम निम्मी; म्हणून ती तराजूवर घ्यावी, गाडीच्या भावानं नव्हे. पेटवायला सावर, निखाऱ्याला बाभूळ. आणि खिडकी उघडीच. कोंडलेल्या खोलीत निखाऱ्यांचा न दिसणारा वायू झोपेतच जीव घेतो.

शेवटच्या हिवाळ्यात बाभूळ धरेपर्यंतचा गारठा आजीला सोसवेना. सावर चटकन पेटे, चटकन संपे. रात्रीतून चारदा उठून आम्ही सिगडीत सावरच घालत राहिलो.