जुनी आळी की नवी?

गेल्या वर्षी माघ महिन्यात माझ्या आत्येने ई-मेलने कागदपत्रांचा एक मोठा गठ्ठा पाठविला. भाषांतर हा ज्यांचा रोजचा उद्योग, त्यांच्याकडे नातेवाईक मंडळी असे कागद हक्काने धाडतात, हे वाचकांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. आत्या आणि आतोबा १९७८ पासून अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात राहत होती. दोघांनीही आता सत्तरी ओलांडली आहे. हिवाळ्यात दारातले बर्फ उपसण्याचे बळ राहिलेले नाही, जिना चढताना आतोबांचा गुडघा दुखतो आणि त्यांच्या डाव्या डोळ्याची दृष्टी दिवसेंदिवस मंदावत चालली आहे. तेव्हा राहते घर विकून फ्लॉरिडा राज्यातील ‘द व्हिलेजेस’ नावाच्या निवृत्तांच्या वसाहतीत जावे, येथवर दोघांचे एकमत झाले होते. त्या वसाहतीच्या जुन्या भागात घर घ्यावे की नव्या, यावर मात्र ते मोडले. आतोबांना नवे घर हवे होते, आत्येला जुने. आत्येला इंग्रजी उत्तम येते. पण खरेदीखताचे इंग्रजी निराळेच असते. तिने लिहिले होते, ‘‘हे सगळे मला मराठीत लिहून पाठव. मराठीत वाचले म्हणजे कोण काय लपवीत आहे ते मला चटकन कळते.’’

वाचकहो, इंदूर-बडोद्यापासून हैदराबादेपर्यंत पसरलेल्या आपल्या वाचक-कुटुंबांत असे एखादे घर विरळाच, की ज्याचे कोणी ना कोणी परदेशी जाऊन तेथेच वृद्ध झालेले नाही. म्हणून हा घरगुती मामला आपल्यापुढे मांडण्याचे धाडस करीत आहे.

प्रथम ही वसाहत म्हणजे काय ते सांगावयास हवे, कारण ‘वृद्धाश्रम’ या शब्दाने जे चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते त्याचा तिच्याशी काहीही संबंध नाही. केवळ वयस्कांसाठी वेगळे गाव वसविण्याची कल्पना अमेरिकेत ॲरिझोना राज्यात रुजली. तेथे १९५४ मध्ये यंगटाउन वसले आणि १ जानेवारी १९६० रोजी डेल वेब या कंत्राटदाराने त्याच्या शेजारीच ‘सन सिटी’ उघडली. फ्लॉरिडातील वसाहतीचा आरंभ याहून साधा आहे. हॅरल्ड श्वार्ट्झ हा मिशिगनकडील व्यापारी टपालाने जमिनी विकत असे. १९६८ मध्ये केंद्रीय कायद्याने या व्यवहारास आळा बसला, तेव्हा हाती उरलेल्या जमिनीवर पुढे ‘ऑरेंज ब्लॉसम गार्डन्स’ ही वाडी उभी राहिली. कारखान्यात तयार करून आणून बसवावयाची स्वस्त घरे तिच्यात होती. गिऱ्हाईक बेताचेच होते. १९८३ मध्ये श्वार्ट्झचा मुलगा गॅरी मोर्स कामात पडला आणि सगळा रंग पालटला. १९९२ मध्ये ‘द व्हिलेजेस’ हे नाव आले. १९९४ मध्ये स्पॅनिश स्प्रिंग्ज हा पहिला बाजारचौक, २००४ मध्ये लेक सम्टर लँडिंग हा दुसरा, २०१२ मध्ये ब्राउनवुड हा तिसरा, असे चौक होत गेले आणि त्यातला प्रत्येक आधीच्या चौकाच्या दक्षिणेस होता. २०१० च्या जनगणनेत या महानगर-क्षेत्राची वस्ती ९३,४२० होती, ती २०२० मध्ये १,२९,७५२ झाली. त्या दशकात अमेरिकेतील कोणतेही महानगर-क्षेत्र याहून वेगाने वाढले नाही.

यावरून वाचकांच्या ध्यानात येईल की, जुनी आळी उत्तरेला आणि नवी दक्षिणेला असल्यामुळे हा निवडीचा प्रश्न अंतराचाही आहे. पुण्यात जसे ‘लकडी पुलापलीकडे’ म्हटले की ऐकणारा समजतो, तसे तेथे रस्त्यांच्या क्रमांकांवरून बोलतात. ‘४६६ च्या उत्तरेस’ म्हणजे जुना भाग. ४६६ आणि ४६६-ए यांच्यामधला तो मधला. ‘४४ च्या दक्षिणेस’ म्हणजे अगदी नवा. या सगळ्या वसाहतीतून लोक गोल्फच्या मैदानावरील लहान गाड्यांतून हिंडतात. त्यांच्यासाठी स्वतंत्र वाटा आहेत, हमरस्त्यांवरून पूल आहेत. गाडीचा वेग ताशी सुमारे ३२ किलोमीटरहून अधिक नसतो. आतोबांनी जन्मात गोल्फची काठी हाती धरलेली नाही. पण ती गाडी मात्र त्यांना फार आवडली.

आता कागदांकडे वळू. पहिलाच शब्द अडला तो ‘बॉण्ड’. आत्येने त्याचा अर्थ ‘बंधन’ असा घेतला होता, आणि खरे सांगायचे तर ती फारशी चुकली नव्हती. नवा भाग वसविताना रस्ते, पाणी, गटारे यांना जो खर्च येतो तो उभारण्यासाठी त्या भागाचे विकासमंडळ कर्जरोखे काढते; तसा अधिकार १९८० च्या फ्लॉरिडातील कायद्याने अशा मंडळांना दिला आहे. मग त्या कर्जाचा हिस्सा प्रत्येक भूखंडावर बसतो आणि घरपट्टीबरोबर वर्षानुवर्षे वसूल होतो. एकरकमी फेडावयाचा असेल तर तसेही करता येते. जाहिरातीत जी किंमत असते तीत हा हिस्सा नसतो. जुन्या भागात तो बहुधा फिटलेला असतो किंवा थोडका उरलेला असतो. नव्या भागात तो सगळाच्या सगळा शिरावर येतो. सुविधांचे मासिक शुल्क मात्र दोन्हीकडे चुकत नाही.

एवढ्यावरून जुने घर स्वस्त ठरते असे म्हणण्याची घाई मी केली असती, पण पुढच्या कागदाने थांबविले. तो विम्याचा होता. फ्लॉरिडात वादळे होतात, म्हणून विमा-कंपन्या घराच्या छपराचे वय विचारतात, आणि पंधरा वर्षांपलीकडे गेलेल्या छपराकडे साशंक दृष्टीने पाहतात. शिवाय १९९५ च्या आधीच्या पुष्कळ घरांत पॉलिब्युटिलीनचे नळ आहेत. ते आतून चिरतात, आणि असे घर विम्याखाली घेण्यास कंपन्या कुरकुरतात. म्हणजे जुन्या घरात जे रोख्यांवर वाचेल ते छपरावर आणि नळांवर जाण्याचा संभव होता. पैशाच्या हिशेबाने ही निवड होणार नाही, हे मला दोन रात्री जागून बेरजा केल्यावर कळले. मी बी.ए.ला मराठी घेतले होते, हे त्या बेरजा तपासताना आतोबांनी मला दोनदा ऐकविले.

तरीही मी त्या वेळी नव्या घराच्याच बाजूने पत्र लिहिले. आतोबांचा युक्तिवाद मला पटला होता. ते म्हणाले, ‘‘अगं, नव्या आळीत सगळेच नवे. कोणाचा कंपू जमलेला नाही, कोणाची खुर्ची ठरलेली नाही. आम्हां दोघांना चार माणसे जोडायची असतील तर ती तेथेच जोडता येतील.’’ पंचेचाळीस वर्षे परक्या देशात घालविलेल्या माणसाच्या तोंडचे हे बोलणे होते. त्याला मी काय उत्तर देणार?

मार्च महिन्यात ती दोघे प्रत्यक्ष जाऊन आली. दोन आठवडे दक्षिणेकडे, दोन आठवडे उत्तरेकडे भाड्याने राहिली. दक्षिणेकडे आतोबांचे म्हणणे अक्षरशः खरे ठरले. संध्याकाळी सारी आळी दारापुढील फरसबंदीवर खुर्च्या टाकून बसे. तिसऱ्या दिवशी आतोबा त्यांच्यात पत्ते खेळत होते. झाडे मात्र काठीएवढी, आणि दुपारी सावली म्हणून नाही. तेथून स्पॅनिश स्प्रिंग्जच्या चौकापर्यंत त्या लहान गाडीने जाण्यास आतोबांच्या घड्याळाप्रमाणे एक तास दहा मिनिटे लागली.

उत्तरेकडे ओकचे मोठे वृक्ष आहेत आणि त्यांवरून करड्या जटा लोंबतात. मोठे रुग्णालय तेथेच, चौकाजवळ आहे. आळीत दोन घरांपुढे ‘विकणे आहे’ अशा पाट्या होत्या. एका रात्री रुग्णवाहिका येऊन गेली. आतोबा सकाळी म्हणाले, ‘‘पाहिलेस? येथे लोक येत नाहीत, जातात.’’ आत्या काही बोलली नाही. पण त्याच दिवशी ती शेजारच्या सत्याऐंशी वर्षांच्या बाईंकडे जाऊन बसली. त्या बाई तेवीस वर्षांपूर्वी त्या आळीत आल्या तेव्हा तीही नवी होती आणि तेथेही संध्याकाळी खुर्च्या पडत असत. एकाच वर्षी, एकाच वयाची माणसे राहावयास आली. पुढे त्यांची मोटारही थोड्याच वर्षांच्या अंतराने सुटली आणि जोडीदारही. आता रिकाम्या झालेल्या घरांत साठीतली जोडपी येऊ लागली होती. समोरच्या घरातील नवा गृहस्थ या बाईंचे औषध आणून देतो आणि दर गुरुवारी त्यांचा कचऱ्याचा पिंप रस्त्यापर्यंत नेतो.

आत्येने हे मला दूरध्वनीवर सांगितले आणि म्हणाली, ‘‘नव्या आळीत आज सगळे धडधाकट आहेत. पंधरा वर्षांनी पिंप कोण नेईल?’’

मी माझे पत्र मागे घेतले. आत्येचे बालपण सदाशिव पेठेतल्या वाड्यात गेले. तिला म्हातारी माणसे आणि तान्ही पोरे एका अंगणात पाहण्याची सवय. या वसाहतीत पोरे नाहीत. कायद्याने अशा वस्तीला मुलांची कुटुंबे नाकारता येतात, मात्र शंभरांतील किमान ऐंशी घरांत पंचावन्न वर्षांवरील एक तरी माणूस राहत असले पाहिजे. एकोणीस वर्षांखालील पाहुण्याला वर्षात तीस दिवस राहता येते, त्याहून अधिक नाही. हे कलम मी मराठीत उतरवून पाठविले, त्यानंतर दोन दिवस आत्येचा दूरध्वनी आला नाही. तिच्या मुलीचा मुलगा दहा वर्षांचा आहे आणि आजवर त्याची प्रत्येक उन्हाळ्याची सुटी, तीन महिन्यांची, आजीकडे गेली आहे. नियम जुन्या-नव्या दोन्ही भागांना सारखाच, त्यामुळे निवडीत त्याचे वजन पडावयास नको होते. पण मला वाटते, ते पडले. पोरे नसणारच असतील तर निदान सगळीच माणसे एका वयाची नसावीत, असे तिने मनाशी ठरविले असावे. विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

दुसरी गोष्ट तिने उघड बोलून दाखविली. आतोबांचा डोळा असाच चालला तर दोन-तीन वर्षांत मोटार बंद होणार. आत्या महामार्गावर मोटार चालविण्यास भिते, पण ती लहान गाडी ती सहज चालविते. तेव्हा त्या गाडीच्या दहा-पंधरा मिनिटांच्या टप्प्यात डॉक्टर, भाजी आणि वाचनालय असले पाहिजे. घर पाहताना माणूस आज अंगात जेवढी ताकद आहे तेवढ्या हिशेबाने पाहतो, ही चूक आम्ही तिघांनीही केली होती. ती प्रथम तिच्या ध्यानात आली.

शेवटी ४६६ च्या उत्तरेस १९९९ मध्ये बांधलेले घर ठरले. नळांची धास्ती नव्हती, रोख्यांचा हिस्सा आधीच्या मालकाने फेडलेला होता. आतोबांनी एक अट घातली: डोळा चालतो आहे तोवर आठवड्यातून एक संध्याकाळ ते दक्षिणेकडे पत्ते खेळण्यास जाणार. आत्येने ती मान्य केली.

एक शब्द मात्र मला अखेरपर्यंत छळीत राहिला. खरेदीखतातील निर्बंधांत अंगणात शोभेच्या वस्तू ठेवण्यास मनाई होती. हे निर्बंध प्रत्येक भागाचे निराळे असतात. याच भागाला ते होते. तुळशीवृंदावन ही शोभेची वस्तू आहे काय? मी तीन मसुदे केले आणि तिन्ही फाडले. आत्येने मागील बाजूच्या जाळीच्या पडवीत कुंडी ठेवून तो प्रश्न निकालात काढला.

हे सगळे भाषांतर मी वडिलांनाही वाचावयास दिले होते. अक्का म्हातारपणी पुण्यास परत येईल, या भरवशावर त्यांनी घरातील एक खोली आजतागायत कोणाला दिलेली नाही. त्यांना मी समजाविले की, पासष्टीनंतरची तेथील सरकारी विमा-योजना देशाबाहेरच्या औषधोपचाराचा खर्च सहसा देत नाही, मुलगी आणि नातू तिकडेच आहेत, आणि आपले घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टवाचून. त्यांनी सगळे ऐकून घेतले. ‘‘म्हणजे अक्का आता येत नाही,’’ एवढेच म्हणाले.

थोड्या वेळाने त्यांनी वसाहतीचा नकाशा मागितला. शिवणाच्या डब्यातून दोरा आणून तो नव्या घरापासून रुग्णालयापर्यंत रस्त्यांच्या वळणांवरून काळजीपूर्वक ठेवला, पट्टीने मोजला, मग पुन्हा एकदा मोजला. नंतर चष्मा काढून मला विचारले, ‘‘छप्पर केव्हाचे म्हणालीस?’’