कावळ्याची चोच

सिनेमातला युद्धहातोडा पाहिला की मला हसू येतं. उखळाएवढं डोकं आणि ते दोन्ही हातांनी पेलणारा राक्षसी नायक! युरोपातल्या घोडेस्वाराचा खरा हातोडा हातभर लांब आणि किलो-दीड किलो वजनाचा असे. एका हातात लगाम असताना दुसऱ्या हाताने याहून जड काय फिरवणार? एका बाजूला ठोकायचं बोथट तोंड, दुसऱ्या बाजूला वाकडी अणकुचीदार चोच. दांडा तुटू नये म्हणून त्यावर लोखंडी पट्ट्या जडवलेल्या.

दांडा तुटण्याची भीती काल्पनिक नव्हती. २३ जून १३१४, स्कॉटलंडमधलं बॅनकबर्न. राजा रॉबर्ट ब्रूस हलक्या घोड्यावर बसून सैन्याची पाहणी करत होता. हेन्री डी बोहन नावाचा इंग्रज सरदार भाला रोखून त्याच्यावर चालून आला. ब्रूसने ऐनवेळी घोडा बाजूला घेतला, रिकिबीत उभा राहिला आणि कुऱ्हाडीच्या एका घावात शिरस्त्राणासकट त्याचं डोकं फोडलं. राजाने असा जीव धोक्यात घातला म्हणून सरदार रागावले. राजा हळहळला तो कुऱ्हाडीचा दांडा मोडला म्हणून. हे सारं काव्यात मांडणाऱ्या जॉन बार्बरने ते साठेक वर्षांनी लिहिलं, तेव्हा थोडं मीठमसाला धरूनच चला.

पुढच्या शंभर वर्षांत कडीच्या चिलखतावर पोलादी पत्रे चढले. ते पत्रे मुद्दाम गोलसर घडवलेले असत, त्यामुळे तलवारीचं पातं त्यांवरून घसरून जाई. मग उत्तर म्हणून हातोडा आला. त्याला पत्रा कापायचा नव्हताच. शिरस्त्राण शाबूत राहिलं तरी आतलं डोकं बधिर व्हायचं, हात मोडायचा. चोचीने पत्रा भेदता येई, नाहीतर स्वाराला अडकवून खाली ओढता येई. चिलखत घडवणारा लोहार आणि ते फोडणारं हत्यार घडवणारा लोहार एकाच बाजारात बसत असतील, असं मला नेहमी वाटतं.

भाषेचा मास्तर असल्यामुळे मी हत्यारापेक्षा त्याच्या नावातच जास्त रमतो. अशा चोचीच्या एका लांब दांड्याच्या हत्याराला फ्रेंच लोक 'बेक द कॉर्बँ' म्हणत, म्हणजे कावळ्याची चोच. मोगलांच्या शस्त्रागारातही अशाच चोचीचं एक हत्यार होतं, 'जागनोल'. फारसीत जाग म्हणजे कावळा आणि नोल म्हणजे चोच! कुणी कुणाचं पाहून नाव ठेवलं असेल असं मला वाटत नाही. दोन्हीकडच्या लोकांनी कावळा पाहिला होता, बस्स. इराणी स्वाराची कुऱ्हाड म्हणजे 'तबरजीन'. तबर म्हणजे कुऱ्हाड, आणि जीन तर आपण मराठीतही घोड्यावर कसतोच. लगाम, रिकीब, खोगीर हे शब्दही तिकडूनच आले आणि मराठ्यांच्या पागेत घरचे होऊन गेले.

वर्गात ही दोन हत्यारं फळ्यावर काढली, तेव्हा सातवीतल्या एका मुलाने विचारलं, "सर, यातलं आपलं कुठलं?" आपलं म्हणजे काय, ते त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. आजकाल हा प्रश्न मुलं फार लवकर शिकतात. मी त्याला पोलंडच्या पंखवाल्या घोडेस्वारांची गोष्ट सांगितली. १६८३ साली व्हिएन्नाला वेढा घालणाऱ्या उस्मानी तुर्कांवर तुटून पडले ते हेच. ते जो हातोडा बाळगत, त्याला पोलिश भाषेत 'नाजाक' म्हणतात, आणि हा शब्द तुर्कांच्या कुऱ्हाडीच्या नावावरून आलेला, 'नजक'. तुर्काशी लढायला निघालेल्या स्वाराने हत्याराचं नावसुद्धा तुर्काकडून घेतलेलं. मुलगा थोडा वेळ फळ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे दोघांचं?" मी खडू खाली ठेवला आणि म्हटलं, "तूच ठरव."

पोलंडचे उमराव हा हातोडा शांततेच्या दिवसांतही काठीसारखा हातात घेऊन हिंडत. मेजवानीत दारू चढली, शब्दाला शब्द लागला, की तो चाले. तलवारीच्या घावाचं रक्त दिसतं, मारणारा कधीकधी भानावर येतो. याच्या माराने कपड्यावर डागही पडत नसे आणि आत बरगड्या मोडलेल्या असत. शेवटी लढाईखेरीज तो बाळगायला तिथल्या संसदेने बंदी घातली. ती एकदा घालून भागलं नाही, पुन्हा पुन्हा घालावी लागली.