खंजिरीचा रकाना

मी ब्रॉडवेचं एकही नाटक थिएटरात बसून पाहिलेलं नाही. हिंगणघाटहून न्यूयॉर्क जरा लांबच पडतं. तरी गेली काही वर्षं एप्रिल संपत आला की आमच्या नाटकाच्या ग्रुपवर एकच विषय असतो : यंदा टोनीची नामांकनं कुणाला? बाहेर पारा पंचेचाळिशीला टेकलेला, घरात कूलरमध्ये पाणी कुणी टाकायचं यावरून भांडण, आणि आम्ही पाच जण कानात हेडफोन खुपसून नव्या म्युझिकल्सचे अल्बम ऐकतोय. नाटक दिसत नाही, पण गाणी फोनवर येतात. मुलाखती येतात, दोन-तीन मिनिटांचे तुकडे येतात. तेवढ्यावर आम्ही भांडतो.

मी गणिताच्या शिकवण्या घेते, त्यामुळे तक्ता करायचं काम माझ्याकडे. आडव्या ओळीत नाटकं, उभ्या रकान्यांत कथा, गाणी, दिग्दर्शन, नृत्य, अभिनय, नेपथ्य. प्रत्येक रकान्यात दहापैकी गुण. २०२५ची नामांकनं १ मे रोजी जाहीर झाली. महाराष्ट्र दिनाची सुट्टी असल्याने त्या संध्याकाळी पाचही जण ऑनलाइन होते.

त्या वर्षी तीन म्युझिकल्सना प्रत्येकी १० नामांकनं मिळाली : ‘ब्युएना व्हिस्टा सोशल क्लब’, ‘डेथ बिकम्स हर’ आणि ‘मेबी हॅपी एंडिंग’. सर्वोत्कृष्ट म्युझिकलच्या शर्यतीत आणखी दोन होती. ‘डेड आउटलॉ’मध्ये एका दरोडेखोराचं प्रेत वर्षानुवर्षं तमाशासारखं गावोगाव फिरवलं जातं. ‘ऑपरेशन मिन्समीट’मध्ये दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लोक एका प्रेताच्या मदतीने हिटलरला फसवतात. म्हणजे पाचांपैकी दोन नाटकं प्रेतांची, आणि ‘डेथ बिकम्स हर’ मरायलाच तयार नसलेल्या दोन बायकांचं. आमच्यातला एक म्हणाला, “न्यूयॉर्कमध्ये जिवंत माणसांवर नाटक लिहीत नाहीत का बे?”

जिंकलं ते ‘मेबी हॅपी एंडिंग’. त्यात नायक-नायिका माणसं नाहीतच, टाकून दिलेले दोन जुने रोबो आहेत. हे नाटक आधी २०१६ साली सोलमध्ये कोरियन भाषेत झालं. ब्रॉडवेवर २०२४च्या नोव्हेंबरमध्ये उघडलं तेव्हा सुरुवातीला तिकिटं खपत नव्हती. ना गाजलेल्या सिनेमाचं नाव, ना ओळखीची गाणी. मग पाहणारे एकमेकांना सांगत गेले, आणि जूनमध्ये सहा टोनी घेऊन ते बाहेर पडलं.

पण त्या यादीत मला सगळ्यात जास्त विचार करायला लावला तो ‘ब्युएना व्हिस्टा’ने. त्यातली गाणी क्युबाची जुनी गाणी आहेत. हवानातल्या म्हाताऱ्या गायक-वादकांच्या १९९७ साली निघालेल्या अल्बमने ती जगभर नेली. टोनीचा नियम असा की संगीताच्या बक्षिसासाठी गाणी रंगभूमीसाठी नव्याने लिहिलेली हवीत. म्हणजे जे नाटक उभंच संगीतावर आहे, ते संगीताच्या रकान्यात बसू शकत नाही! शिवाय त्यातले वादक रंगमंचावर सगळ्यांसमोर वाजवतात. लोक नाटक पाहायला येतात तितकेच त्यांना ऐकायला येतात. पण वादकांसाठीही रकाना नव्हता. शेवटी त्या वादकवृंदाला एक विशेष टोनी देण्यात आला.

मी तक्त्यात त्यांच्यासाठी एक नवा रकाना टाकला आणि त्याला काय नाव द्यावं ते न सुचल्याने तो कोराच ठेवला.

यादी आणि आयुष्य यांचा हिशेब जुळत नाही, याचे दाखले ब्रॉडवेवर भरपूर आहेत. ‘शिकागो’ला १९७६ साली ११ नामांकनं मिळाली आणि एकही बक्षीस नाही, बहुतेक बक्षिसं ‘अ कोरस लाइन’ घेऊन गेलं. तेच ‘शिकागो’ १९९६ साली पुन्हा उभं राहिलं आणि अजून चालू आहे. २००४ साली ‘विकेड’ला हरवून बाहुल्यांचं ‘अ‍ॅव्हेन्यू क्यू’ सर्वोत्कृष्ट म्युझिकल ठरलं. आज ‘विकेड’चा सिनेमा तुम्हीही पाहिला असेल. ‘अ‍ॅव्हेन्यू क्यू’चं नाव यातल्या किती जणांना माहीत आहे?

म्हणून नामांकन फालतू, असं म्हणायचा मोह होतो. तसं नाही. पुरस्कारांच्या काळात नाव चर्चेत आलं की तिकिटं विकली जातात, आणि तिकिटं विकली की नाटक जगतं. नाटक किती चांगलं आहे ते नामांकनाने मोजता येत नाही. ते नाटक पुढच्या गावाला कसं जाणार, याच्याशी त्याचा संबंध आहे. आणि हे न्यूयॉर्कइतकंच आपल्याकडेही खरं आहे.

आपली म्युझिकल्स तर ब्रॉडवेच्या टोनीपेक्षा जुनी. टोनी सुरू झाले १९४७ साली. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ पुण्यात रंगमंचावर आलं ३१ ऑक्टोबर १८८० रोजी. तेव्हापासून नाटकाच्या नावाआधी ‘संगीत’ लावायची आपली रीत. पण रकान्याची भानगड इथेही सुटलेली नाही. १६ डिसेंबर १९७२ रोजी पहिला प्रयोग झालेलं ‘घाशीराम कोतवाल’ घ्या. भास्कर चंदावरकरांचं संगीत काढून टाकलं तर त्या नाटकात काय उरेल? माणसांची ती भिंत गाते, डुलते, म्हणून तर नाटक चालतं. पण नावामागे ‘संगीत’ नाही. २०१२ साली आलेलं ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ तसंच. राजकुमार तांगडेंचं लेखन, नंदू माधव यांचं दिग्दर्शन, जालन्याकडचे कलाकार आणि संभाजी भगत यांची शाहिरी. त्याला म्युझिकल म्हणायला कुणाची जीभ वळत नाही, कारण आपल्या डोक्यात संगीत नाटक म्हणजे ऑर्गन, शालू आणि यमन.

‘संगीत देवबाभळी’ने मात्र ते नाव उघडपणे लावलं. प्राजक्त देशमुखांनी ते आधी एकांकिका म्हणून केलं, मग २०१७ साली ते भद्रकालीमार्फत व्यावसायिक रंगभूमीवर आलं. तुकोबांच्या आवलीच्या पायात काटा रुततो, आणि तिची सेवा करायला रखुमाई लखुबाई होऊन तिच्या घरी येते. रंगमंचावर फक्त दोन बायका आणि आनंद ओक यांचं संगीत. २०२०चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार त्याच नाटकासाठी देशमुखांना मिळाला. हा रस्ता बघा : एकांकिका, मग व्यावसायिक प्रयोग, मग गावोगावचे दौरे. आमच्यासारख्यांच्या डोळ्यांसमोर तोच रस्ता असतो.

आता आमच्या नाटकाकडे येते. कारण हा सगळा तक्ता मी ज्याच्यासाठी शिकले, ते तेच.

नाटक एका रात्रीचं आहे. कापूस खरेदी केंद्राबाहेर बंड्यांची आणि ट्रॅक्टरांची रांग. नंबर सकाळी लागणार. कापसात ओलावा १२ टक्क्यांच्या वर निघाला तर माल परत. आणि पहाटे दहिवर पडणार. म्हणून रात्रभर जागायचं, ताडपत्री सरकली की ओढायची, झोपलेल्याला उठवायचं. जागं राहण्यासाठी रांगेतली माणसं भजन म्हणतात. गाणं का आहे, याचं उत्तर नाटकातच आहे : गाणं थांबलं की झोप लागते, झोप लागली की कापूस भिजतो. ब्रॉडवेवाले दुसऱ्या-तिसऱ्या गाण्यात नायिकेला काय हवंय ते सांगून टाकतात. आमच्या नायिकेला फक्त कोरडी पहाट हवी आहे.

भजनाला खंजिरी आहे. आमच्या भागात खंजिरी म्हटलं की तुकडोजी महाराज आठवतात, आणि गावोगावच्या भजनी मंडळांत ती अजून वाजते. आमच्या नाटकात ती वाजवतात काकाजी. वय अडुसष्ट, स्वतः कास्तकार, अशा रांगांत त्यांनी खरोखर रात्री काढल्या आहेत. सूर थोडा खाली राहतो. मध्येच खोकतात. पण ते लयीला असं काही मागे धरून ठेवतात की रात्र संपतच नाही असं वाटायला लागतं. तीन गावांतल्या चौकांत आम्ही प्रयोग केले, तिन्ही ठिकाणी लोक मध्येच त्यांच्याबरोबर गायला लागले.

मग राज्य नाट्य स्पर्धेचा अर्ज भरायचा ठरला आणि प्रश्न आला : कोणत्या स्पर्धेत? सांस्कृतिक कार्य संचालनालयाची हौशी मराठी नाटकांची स्पर्धा वेगळी, संगीत नाटकांची वेगळी. आमची दिग्दर्शक ताई म्हणाली, “आपण संगीतमध्ये जाऊ. हौशीत संघ खूप असतात, तिथं आपण हरवून जाऊ.” तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. संगीत स्पर्धेच्या निकालात गायनाला बक्षीस असतं, ऑर्गनच्या साथीला असतं, तबल्याच्या साथीला असतं. पण खंजिरीचं नाव मी कुठल्या निकालात वाचलेलं नाही. ताईने पुढचं मांडलं : दोन भजनं रागदारीत बांधू, नागपूरची एक शिकलेली गायिका यायला तयार आहे, खंजिरीऐवजी तबला घेऊ. काकाजींना रांगेतल्या एखाद्या म्हाताऱ्याची छोटी भूमिका देऊ.

मी घरी येऊन आमच्या नाटकाचा तक्ता केला. दोन ओळी : एक आहे तसं, दुसरी बदललेलं. रकाने तेच, टोनीच्या यादीसाठी वापरलेले. बदललेल्या नाटकाला गायनात जास्त गुण, अभिनयात सारखे, नेपथ्यात सारखे. बेरजेत ते साडेतीन गुणांनी पुढे. आणि शेजारी तो कोरा रकाना होता. मी त्यात काकाजींच्या खंजिरीसाठी आकडा टाकायला गेले, तेव्हा कळलं की दहापैकी किती हा प्रश्नच तिथे लागू नाही. ती काढली तर रात्र छोटी होते. रात्र छोटी झाली तर जागायची गरज उरत नाही. मग गाणी कशाला? मग गायिका तरी कशाला?

हे मी तालमीत सांगितलं. ताई ऐकून घेऊन म्हणाली, “हे तुला कळतं. परीक्षकाला एका प्रयोगात कळंल?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. पहिला नंबर म्हणजे अंतिम फेरी, दुसरं शहर, आपल्याला न ओळखणारे प्रेक्षक. आमच्यातल्या दोघांची पुढच्या वर्षी नोकरीमुळे पुण्याला जायची वेळ येणार आहे. ही स्पर्धा या संघाची बहुधा शेवटची. तिची घाई मला समजत होती.

काकाजी कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होते. ते म्हणाले, “मले काढा लागत असन तं काढा, पोरीहो. पण रात्रभर जागाचं हाये, हे त्या बाईले सांगून ठेवा. ते कशी जागन, ते तिचं तिनं पाहावं.”

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग ताईनेच विचारलं, “काकाजी, तुमच्यासंगं तिनं गायलं तं? तुमी मागं धराल, ते पुढं जाईन.” काकाजी म्हणाले, “गाऊन पाहू. चार दिवस येऊ द्या तिले.”

ती आली. पहिल्या दिवशी दोघांचं काहीच जुळलं नाही. तिला सम वेळेवर हवी, काकाजींची सम त्यांच्या सोयीने. तिसऱ्या दिवशी तिने काकाजींना विचारलं की भजन कुठे सोडायचं हे तुम्हाला कसं कळतं. ते म्हणाले, “समोरचा पेंगाले लागला की सोडाचं नाही.” त्या संध्याकाळी तिने पहिल्यांदा त्यांच्या तोंडाकडे बघत गायलं. नाटकात आता ती नुकतंच लग्न होऊन आलेली सून आहे, जिला रांगेची सवय नाही. काकाजी तिला जागं ठेवतात. खंजिरी आहे तिथेच आहे. तबला नाही.

अर्ज आम्ही हौशी स्पर्धेचा भरला. नाटकाच्या नावाआधी ‘संगीत’ लिहायचं की नाही यावर पुन्हा अर्धा तास गेला, नाही लिहिलं. नंबर येईल का, हे मला तक्त्यावरून सांगता येत नाही. ताईचं मत अजूनही असं की आपण संधी कमी केली, आणि ते खरंही असेल. प्रयोग नागपूरला आहे. गावचं भजनी मंडळ बघायला येणार म्हणून एक गाडी सांगितली आहे. त्यातल्या कुणीही तिथे मध्येच गायला लागू नये, असं ताईने काकाजींना बजावून ठेवलंय. काकाजींनी हो म्हटलं आहे, पण ते हो त्यांच्या समेसारखं आहे.