वाफसा साब

शेतकऱ्यांसाठी माहितीपत्रकं लिहिण्यात माझी उभी नोकरी गेली. त्यांतली जी खरोखर वाचली गेली, त्यांचं श्रेय जबलपूरजवळच्या पाटण तहसिलीतल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं आहे. सगळे त्यांना कक्का म्हणत. मीही म्हणू लागलो. त्यांची अक्षरओळख सहीपुरती.

मी साताऱ्याकडचा. आमच्याकडे नांगरटीनंतर कुळव फिरतो, पाभरीनं पेरतात, कोळप्यानं तण काढतात. जबलपुरात, आधारतालला कृषी विद्यापीठाच्या बाजूला, आमचं बिऱ्हाड होतं. घरमालक मूळचे वऱ्हाडातल्या अचलपूरचे. त्यांच्या बोलण्यात वखर, तिफन, डवरा. मालकीणबाई विळ्याला ‘इया’ म्हणायच्या आणि हळदीला ‘हयद’. माझ्या आजीच्या ‘इळ्या’नं निदान ळ तरी सांभाळला होता! कक्कांकडे वखराचा बखर झालेला. ‘बखर चल रओ है’ म्हटलं की मला आपली भाऊसाहेबांची बखर आठवे. दारात हाक मारली तर आतून उत्तर यायचं, ‘कक्का हार में गए हैं.’ म्हणजे शेतावर.

वऱ्हाडाचा आणि जबलपूरचा घरोबा जुना. नागपूरकर भोसल्यांचा इथला अंमल इंग्रजांशी झालेल्या १८१७च्या लढाईनंतर गेला. पुढे मध्य प्रांत आला, नंतर वऱ्हाडही त्याला जोडलं गेलं आणि १९५६च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत नागपूर, अमरावती, जबलपूर एकाच कारभाराखाली राहिली. मूळचा शब्द कुणाचा, या वादात मला गोडी नाही. वखर-बखर एका घरचे, हे कानालाच कळतं. कुळव मात्र मला सातपुड्यापलीकडे कुठे भेटला नाही.

पाटणकडची जमीन काबर, म्हणजे काळी, चिकट. पावसात तिच्यात पाय टाकला की चप्पल तिथेच राहते. म्हणून तिथली जुनी रीत हवेलीची: उंच बांध घालून पावसाचं पाणी शेतातच कोंडायचं, पावसाळाभर तुंबू द्यायचं, तणाला त्यात कुजवायचं आणि पाऊस सरला की सोडून देऊन गहू-हरभरा पेरायचा. सोयाबीन आणि बरगी धरणाच्या कालव्याचं पाणी आल्यावर ही रीत मागे पडत गेली. कक्कांचं शेत तेव्हा अजून हवेलीचंच होतं.

पाणी सोडल्यावर पेरायचं कधी? कक्का चार बोटं खोल माती काढत, मुठीत दाबत आणि कमरेच्या उंचीवरून सोडून देत. ढेकूळ तसंच पडलं तर घरी परत. ‘बगर जाए तो समझो बतर आ गई.’ एकदा त्यांनी माझी मूठ धरून माती दाबायला लावली. त्यांच्या तळव्याचा खरखरीतपणा आणि मधली ती गार, ओलसर माती एकदमच जाणवली. फुटली. मी म्हणालो, ‘आमच्याकडे याला वाफसा म्हणतात.’ त्यांनी शब्द दोनदा घोळवून पाहिला. फ त्यांच्या जिभेवर मोठा फुगला.

त्याच हंगामात पेरणीचं पत्रक निघायचं होतं. मसुद्यात होतं, ‘मृदा में पर्याप्त नमी होने पर’. मी कक्कांना वाचून दाखवलं. त्यांनी बिडी विझवली. ‘जा कौन की बोली आय?’ मग तासभर त्यांनी ओळ न् ओळ बदलायला लावली. मृदेची काबर झाली, नमीची बतर. आमच्या वरिष्ठांनी नाकं मुरडली, पण छापलं. पत्रकावर कक्कांचं नाव नव्हतं. तशी पद्धतच नसते. पुढे पुण्याला, अकोल्याला लिहिताना मी आधी गावात विचारत असे: तुमच्याकडे बांध की धुरा, शेत, रान की वावर? मगच कागदाला हात.

कक्कांनी त्याबद्दल कधी काही मागितलं नाही. माझा तो एक शब्द मात्र ठेवून घेतला. मी दूरवरून बांधावर दिसलो की चारचौघांत ओरडायचे, ‘काए वाफसा साब, आज आई के नईं?’