विकतचं शेणखत

पारनेर तालुक्यातल्या आमच्या घरी खत ही विकत आणायची वस्तू नव्हती. गोठ्यामागे उकिरडा होता. शेण, गव्हाणीत उरलेला मुताने भिजलेला कडबा, चुलीची राख, सगळं तिथे पडायचं आणि वर्षभर कुजायचं. अक्षय तृतीयेच्या सुमारास वडील उकिरडा उपसायला घेत. वरचा कच्चा थर बाजूला सारून खालचं काळं, भुसभुशीत खत गाडीत भरायचं आणि रानात ढीग टाकायचे. ढीग पसरून उन्हात पडलेले आजोबांना खपत नसे. पसरलं की लगेच कुळव घालून मातीआड करायचं, असा त्यांचा दंडक. उघड्या खतातला नत्र अमोनिया होऊन उडून जातो, हे मला फार पुढे पुस्तकातून समजलं.

दिवाळीनंतर धनगरांचे वाडे यायचे. मेंढ्या रात्री रानात बसवायच्या आणि त्याबद्दल धान्य द्यायचं. लेंडी आणि मूत थेट जमिनीवर, गाडीचीसुद्धा गरज नाही. इतका सरळ व्यवहार मी नंतर कुठे पाहिला नाही.

पुण्यात तळमजल्यावर घर घेतलं, तेव्हा मागे चिमुकलं अंगण मिळालं. माती नावालाच, मुरूम, विटांचे तुकडे, वाळलेलं सिमेंट. नर्सरीतून शेणखताची गोणी आणली त्या दिवशी आई आलेली होती. तिने गोणीत हात घातला, मूठ दाबून पाहिली, नाकाशी नेली आणि म्हणाली, "कुजलंय. घाल."

तेव्हापासून मी गोणीवरचा मजकूर वाचते, पण निकाल हातावर आणि नाकावर सोडते. मजकुराचंही मोल आहे: गांडूळखतात सेंद्रिय कर्ब किमान 18 टक्के आणि ओलावा 15 ते 25 टक्के असावा, असं सरकारी मानक आहे. मात्र गोणी आतून गरम लागली, वास नाकात झोंबला, तर ते खत मी आणखी महिना-दोन महिने सावलीत ओलसर ठेवते. काडीकचरा ओळखू येत असेल, तर तो कुजवणारे जिवाणू मातीतलाच नत्र ओढून घेतात आणि रोपं पिवळी पडतात. कच्च्या शेणातून हुमणीच्या अळ्याही येतात. शिवाय आपल्या उन्हात सेंद्रिय कर्ब भराभर जळतो, त्यामुळे एकदा खत घालून भागत नाही. दर पावसाळ्याआधी पुन्हा घालावं लागतं.

आता मात्र गोणी उघडताना दुसराच विचार येतो. गावी भावाच्या गोठ्यात बैल उरले नाहीत, ट्रॅक्टर आहे. डाळिंबाला लागणारं शेणखत तो ट्रॉलीने विकत घेतो. म्हणजे गावची मेथी आमच्या ताटात, गावचा कांदा आमच्या टोपलीत आणि गावचं शेणही आमच्या कुंड्यांत. परत काय जातं? हे मला बरोबर वाटत नाही.

शेणाची टंचाई नवी नाही. 1924 ते 1931 या काळात इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड यांनी खताची पद्धत बसवली, तेव्हाही बरंचसं शेण गोवऱ्या होऊन चुलीत जात होतं. म्हणून त्यांनी ढिगात भर दिला तो पिकांच्या काडीकचऱ्यावर. शेण थोडंच, विरजणापुरतं. 1931 साली हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी मिळून त्यावर पुस्तक लिहिलं. आमच्या सोसायटीच्या खड्ड्यात आम्ही तेच करतो: ओला कचरा, वाळलेली पानं आणि वर शेणकाल्याचा हलका शिपका. अंगणाला आता तेवढं पुरतं. विकतची गोणी जवळजवळ बंद झाली आहे.

मागच्या उन्हाळ्यात आमच्याकडचं चाळलेलं खत गाडीच्या डिकीतून गावी नेलं. भावाने ते डाळिंबाच्या एका ओळीला घातलं. परवा त्याचा फोन आला, "ताई, अजून असेल तर आण. फक्त काच आणि प्लॅस्टिक तेवढं नीट वेचून दे, आम्ही रानात अनवाणी असतो."