बारा खुर्च्या आणि शनिवारची लॅब

अमेरिकेचं नागरिकत्व घेण्याआधी जी तोंडी परीक्षा होते, तिच्या तेव्हाच्या शंभर प्रश्नांपैकी एक असा होता : फक्त नागरिकांवरच असलेली एक जबाबदारी सांगा. उत्तरं दोन – ज्युरीवर काम करणं किंवा केंद्रीय निवडणुकीत मत देणं. मी गाडी चालवताना, भांडी घासताना हे प्रश्न पाठ केले होते. पाठ केलेलं उत्तर एक दिवस टपालपेटीत येऊन पडेल, असं तेव्हा वाटलं नव्हतं.

खरं तर ज्युरीचं समन्स मला नवीन नव्हतं. कॅलिफोर्नियात ज्युरीसाठी नावं काढताना मतदार याद्यांबरोबर ड्रायव्हिंग लायसन्सच्या याद्याही वापरतात, त्यामुळे ग्रीनकार्डावर असतानाही मला ते एकदा आलं होतं. तेव्हा ‘नागरिक नाही’ या चौकटीत खूण करून परत पाठवलं की काम संपायचं. २०१८ साली ती चौकट माझ्यासाठी उरली नव्हती.

त्या वर्षी मी त्रेचाळीस वर्षांची होते आणि कॉलेजात होते. नर्सिंगला प्रवेश मिळवण्यासाठी लागणारे विषय कम्युनिटी कॉलेजात करत होते. अ‍ॅनाटॉमीच्या वर्गात जागा मिळायला मी दोन सत्रं प्रतीक्षा यादीत काढली होती. मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी एक ते चार वर्ग आणि लॅब. तीन लॅब बुडल्या की वर्गातून नाव कमी, हे सिलॅबसमध्ये ठळक अक्षरांत लिहिलेलं. पहिलं समन्स वसंत सत्रात आलं, तेव्हा मी तारीख पुढे ढकलून घेतली होती. ती ऑक्टोबरात आली, नेमकी पचनसंस्थेच्या प्रॅक्टिकलच्या आठवड्यात. विद्यार्थी असणं हे आपोआप सूट मिळण्याचं कारण नाही. तारीख बदलता येते, पण ज्या तारखेला काहीच नाही अशी तारीख सत्रात कुठून आणायची?

फोनवर आईला सांगितलं तर ती म्हणाली, “अगं, ज्युरी तर नानावटीच्या वेळेलाच बंद झाली ना?” तिच्या पिढीसाठी ज्युरी म्हणजे नानावटी. नऊपैकी आठ जणांनी त्याला निर्दोष ठरवलं, न्यायाधीशांनी ते न मानता खटला हायकोर्टाकडे पाठवला, तिथे त्याला जन्मठेप झाली आणि १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती कायम केली. त्या एका खटल्यानं ज्युरी झटक्यात बंद पडली असं मात्र नाही. १९७३ च्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच ठेवली नाही. बाबांनी मागून विचारलं, “आणि टिळकांची ज्युरी?” १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात नऊ ज्युरर होते, सात युरोपियन आणि दोन पारशी. कौलही सात विरुद्ध दोन असाच लागला. टिळकांचे लेख मराठीत आणि ज्युरीपुढे त्यांची इंग्रजी भाषांतरं. सहा वर्षं मंडाले. आमच्या घरात हा आकडा शाळेपासून पाठ होता. मात्र त्या खुर्च्यांवर कोण बसतं आणि कोण बसत नाही, हे ठरतं कसं, याचा विचार मी त्या मंगळवारी पहिल्यांदा केला.

कोर्टात आम्ही साठ-सत्तर जण होतो. न्यायाधीशांनी खटला साधारण पाच दिवस चालेल असं सांगितलं आणि ज्यांना गंभीर अडचण आहे त्यांना एकेक करून बोलायला सांगितलं. रांग लागली. नेलसलॉनमध्ये काम करणाऱ्या एक बाई : आलं नाही तर पैसे नाहीत. छपराचं काम करणारा एक जण : तेच. कॅलिफोर्नियात मालकाला ज्युरी ड्युटीसाठी कोणाला कामावरून काढता येत नाही, पण त्या दिवसांचा पगार द्यायची सक्ती नाही. कोर्ट पहिल्या दिवसाचं काही देत नाही, दुसऱ्या दिवसापासून रोजचे १५ डॉलर. मग एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा उठला. सकाळी कॉलेज, संध्याकाळी दुकानात काम, त्या आठवड्यात दोन परीक्षा. न्यायाधीश बरं बोलले आणि त्याला जाऊ दिलं.

माझंही वाक्य तयार होतं. पण रांग सरत गेली तसे मागे कोण उरतंय ते दिसायला लागलं. मोठ्या कंपन्यांतले, ज्यांचा पगार चालू राहतो असे, आणि निवृत्त लोक. समोर आरोपीच्या खुर्चीत बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा होता, माझ्या लॅबमधल्या जोडीदारांच्या वयाचा. त्याच्या वयाचे जेवढे आले होते ते सगळे अडचण सांगून निघून गेले होते, आणि प्रत्येकाची अडचण खरी होती. मी उठले नाही. यात शौर्य काही नव्हतं. घरी नवऱ्याचा पगार येत होता, आणि आदल्या दिवशी प्राध्यापकांचं उत्तर आलं होतं : गुरुवारचं प्रॅक्टिकल शनिवारच्या तुकडीबरोबर देता येईल. विद्यार्थ्यासाठी मालकाच्या कायद्यासारखं माझ्या हाती काही नव्हतं, होता तो एका माणसाचा भलेपणा.

खटला दारू पिऊन गाडी चालवल्याचा. रक्तात ०.०८ टक्के अल्कोहोल ही तिथली मर्यादा. त्याचं रक्त गाडी थांबवल्यावर तासाभरानं घेतलं, त्यात ०.०९ आलं. बचावाचं म्हणणं होतं, की तो शेवटचा पेला पिऊन लगेच निघाला होता. गाडी चालवताना दारू पोटातच होती, रक्तात चढायची होती. म्हणजे सगळा प्रश्न येऊन ठेपला जठर आणि लहान आतड्यावर. माझं प्रॅक्टिकल होतं तेही जठर आणि लहान आतड्याचंच!

न्यायाधीश रोज बजावायचे : या विषयावर काही वाचू नका, इंटरनेटवर शोधू नका, शब्दकोशही पाहू नका. कॉलेज मला शिकवत होतं, कळलं नाही तर शोध. कोर्ट सांगत होतं, शोधू नकोस, इथे सगळ्यांसमोर जे मांडलं जातं तेवढ्यावरच ठरव. मी बेलिफकडे चिठ्ठी दिली, की शनिवारी माझी याच अवयवांवर परीक्षा आहे, पुस्तक उघडू का? न्यायाधीशांनी दोन्ही वकिलांसमोर उत्तर दिलं : अभ्यास करा, अल्कोहोलबद्दल काही शोधू नका, आणि पुस्तकातलं ज्ञान ज्युरीच्या खोलीत आणू नका. शुक्रवारी कोर्टाला सुट्टी होती. त्या दिवशी मी आतड्याच्या घड्या, रसांकुर आणि रक्तवाहिन्या पाठ केल्या, आणि अल्कोहोल हा शब्द दिसला की पान उलटलं. शनिवारी टेबलाटेबलावर टाचण्या टोचलेल्या अवयवांपुढून फिरत, एकेका मिनिटात नावं लिहिली.

सोमवारी आम्ही बारा जण खोलीत बसलो. संध्याकाळपर्यंत दहा जण ‘निर्दोष’, दोघे ‘दोषी’. मी दहांत होते. फौजदारी खटल्यात बाराही जणांचं एकमत लागतं. मंगळवारी सकाळी त्या दोघांतल्या एका निवृत्त इंजिनिअरांनी मागणी केली, की रक्त तपासणाऱ्या तज्ज्ञांची साक्ष परत वाचून दाखवा. त्याला दीडेक तास लागणार होता. घड्याळात साडेदहा. एकला लॅब. मंगळवार आणि गुरुवार आधीच बुडले होते, ही तिसरी.

त्यांना मनापासून शंका होती आणि मला घाई होती. आणि माझी घाई कोणत्या बाजूला झुकतेय तेही मला दिसत होतं. ती आरोपीच्याच बाजूची होती, म्हणून आणखी सोपी वाटत होती. पण उद्या कोणी याच घाईनं ‘दोषी’ म्हणेल. टेबलाभोवती आणखी दोघं-तिघं फोनशिवाय रिकाम्या हातांनी घड्याळाकडे बघत होते. साक्ष ऐकायची का, असं आमच्या प्रमुख बाईंनी विचारलं, तेव्हा मी हो म्हटलं.

साक्ष वाचून झाली, जेवणाची सुट्टी झाली, आणि पावणेतीनला आम्ही दोन्ही आरोपांवर ‘निर्दोष’ सांगितलं. इंजिनिअर म्हणाले, “आता माझी खात्री आहे की मला खात्री नाही.” वाजवी शंका म्हणजे काय, हे मला त्या वाक्यातून जितकं समजलं तितकं सूचनांच्या कागदांतून समजलं नव्हतं.

लॅब बुडाली. प्राध्यापकांनी शनिवारच्या हजेरीत माझं नाव घातलं होतं, म्हणून माझी तिसरी गैरहजेरी दुसरी मोजली गेली आणि वर्गात नाव राहिलं. वेगळे प्राध्यापक असते तर कदाचित राहिलं नसतं. महिनाभरानं कोर्टाचा चेक आला : चार दिवसांचे ६० डॉलर आणि एका बाजूच्या प्रवासाचे मैलाला ३४ सेंट, सगळे मिळून ७६ डॉलर आणि काही सेंट. कम्युनिटी कॉलेजच्या एका युनिटची फी ४६ डॉलर आहे. पाच दिवसांच्या न्यायात दीड युनिट बसतं.

पुढचं समन्स आलं तेव्हा मी नर्सिंगच्या पहिल्या सत्रात होते. हॉस्पिटलमधल्या क्लिनिकलचे दिवस दुसऱ्या तुकडीबरोबर भरून काढता येत नाहीत. तारीख एकदा ढकलली, ती संपली. या वेळी न्यायाधीशांनी अडचणी विचारल्या तेव्हा मी रांगेत उभी राहिले, खरं तेच सांगितलं, आणि त्यांनी मला जाऊ दिलं. दाराकडे जाताना मागे पाहिलं. आरोपीच्या खुर्चीत कोणीतरी माझ्या वयाची बाई होती. त्या बारांत तिच्यासारखं कोण बसलं, ते मला कळलं नाही.